कार्ड गेलं, मोटर आहे

(दहावी १९९७च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात शाळेच्या सभागृहात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर बोल." मी म्हटलं, मी पंख्यावर बोलते. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग उत्तर आलं, "बरं, पण जेवण थंड व्हायच्या आत आवर." तर मी पंख्यावर बोलणार आहे, आणि जेवणाची काळजी घेणार आहे.

आपल्यापैकी निम्मे लोक आज पुण्या-मुंबईहून, नागपूरहून आलेत. काही जण वर्ध्याहून रेल्वेने आले असतील. आपल्या वेळी कळंबला यायचं म्हणजे एसटी, दुसरा विचारच नव्हता. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा–कळंब मार्गाचं उद्घाटन झालं आणि चिंतामणीच्या गावाला रेल्वे स्टेशन मिळालं. गाव बदललंय. उन्हाळा मात्र तोच आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि अशा दुपारी वर्गातला पंखा बंद असेल तर फळ्यावरचं काहीही डोक्यात शिरत नाही.

शाळेत काही वर्षांपूर्वी जुने पंखे काढून नवे बसवले गेले. देणगीतून आलेले, कमी वीज खाणारे, रिमोटवर चालणारे. बीएलडीसी म्हणतात त्यांना. ब्रशलेस डीसी मोटर. शाळेचं बिल खाली आलं, सगळे खूश झाले. मग एकेक पंखा बंद पडू लागला. मागच्या दिवाळीपर्यंत चौदा पंखे बंद होते. विचारणा केली तेव्हा कळलं, की त्या मॉडेलचं कार्ड आता मिळत नाही, नवे पंखे घ्या. कंपनीचं नाव मी घेणार नाही, कारण हे दुखणं एकाच कंपनीचं नाही. आपल्या ग्रुपवर लगेच ठरलं, की आपली तुकडी शाळेला चौदा नवे पंखे देईल. अर्ध्या तासात निम्मे पैसे कबूलही झाले. तेवढ्यात आपल्या एका मित्राचा एका ओळीचा मेसेज आला: "मोटर चांगली हाय, कार्ड गेलं. फेकू नका."

हा मित्र इथे तिसऱ्या रांगेत बसलाय. नाव घेऊ नको असं त्याने बजावलंय, म्हणून घेत नाही. गेली पंचवीस वर्षं तो मोटर वाइंडिंगचं काम करतो. विहिरीवरचे पंप, कूलरच्या मोटरी, पिठाच्या गिरणीची मोटर, सगळं त्याच्याकडे येतं. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "जुना पंखा जळला की माह्याकडे यायचा. हा नवा जळतच नाही. मोटर मरत नाही, अन् लोक पंखाच फेकतात. मले काय काम उरलं सांग?"

मी त्या रात्री बराच वेळ त्या वाक्याचा विचार करत होते. कारण त्याचं काम ज्याने काढून घेतलं तो माझ्या धंद्यातला माल आहे. त्या कार्डावर एक चिप असते आणि त्या चिपमध्ये कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम असतो.

आधी जुन्या पंख्याबद्दल दोन शब्द, म्हणजे फरक कळेल. आपल्या घरोघरी जो पंखा होता त्यात दोन वाइंडिंग आणि एक कंडेन्सर. घरात येणारी वीज एका सेकंदात पन्नास वेळा मागे-पुढे होते. कंडेन्सरमुळे दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह पहिल्याच्या तुलनेत सरकतो, आणि दोघांचं मिळून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रामागे रोटर ओढला जातो. त्यात कुठलीही अक्कल लागत नाही, वीज जोडली की पंखा फिरला. बिघडणार काय? कंडेन्सर, बेअरिंग किंवा वाइंडिंग. तिन्ही गोष्टी गावात दुरुस्त होतात. दोष एकच, की असा पंखा पूर्ण वेगात सुमारे पंचाहत्तर वॅट खातो आणि त्यातला मोठा भाग मोटर गरम करण्यात जातो.

बीएलडीसी पंखा तेवढ्याच हवेसाठी अठ्ठावीस ते पस्तीस वॅट घेतो. आपल्या चौदा पंख्यांचाच हिशेब करा. दर पंख्यामागे पंचेचाळीस वॅट वाचले, दिवसाला सहा तास, महिन्याला पंचवीस दिवस. साधारण ९४ युनिट झाले. म्हणजे हे पंखे वाईट नाहीत, ते चांगलेच आहेत. आपल्या महाराष्ट्रातच याची एक ठळक गोष्ट आहे. मुंबईच्या आयआयटीतून शिकलेल्या मनोज मीणा आणि सिबब्रत दास यांनी २०१२ मध्ये ॲटमबर्ग ही कंपनी काढली आणि अठ्ठावीस वॅटचा पंखा सामान्य घरात पोचवला. शाळेतले पंखे त्यांचे नाहीत, हेही सांगून टाकते. मग १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं आणि बाजारात या पंख्यांची रांग लागली. पुढच्या दहा वर्षांत आपल्या प्रत्येकाच्या घरात हेच असणार. म्हणून ते बिघडल्यावर काय करायचं हे माहीत असलेलं बरं.

या पंख्यात फिरणाऱ्या बाहेरच्या भागाला आतून चुंबकं चिकटवलेली असतात. मधल्या स्थिर भागावर तारांची वेटोळी असतात, तीन गटांत. मोटरमधून तीन वायरी बाहेर येतात. चुंबक कायमचं असल्याने रोटरमध्ये वीज वाया जात नाही, बचत तिथेच होते. पण आता कोणत्या वेटोळ्यात केव्हा वीज सोडायची हे कुणीतरी ठरवावं लागतं. जुन्या डीसी मोटरमध्ये ते काम कार्बनचे ब्रश करायचे. १९६२ मध्ये विल्सन आणि ट्रिकी या दोघांनी ब्रशऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विच वापरलेली मोटर मांडली, तेव्हापासून ब्रश गेले आणि त्यांच्या जागी कार्ड आलं.

कार्ड नेमकं काय करतं? अडून बसलेल्या बैलाला चालवायचं असेल तर आपण काय करतो? कडब्याची पेंढी घेऊन त्याच्या पुढे उभं राहतो. तो पेंढीकडे एक पाऊल टाकतो, आपण एक पाऊल मागे सरकतो. पेंढी फार जवळ धरली तर तो खाऊन टाकेल आणि उभाच राहील. फार लांब नेली तर नाद सोडून देईल. पेंढी नेहमी तोंडापासून थोडी पुढे पाहिजे. चुंबक म्हणजे बैल, वीज सोडलेलं वेटोळं म्हणजे पेंढी, आणि पेंढी धरणारा माणूस म्हणजे कार्ड.

आता हा माणूस बैलाकडे पाठ करून चालतोय असं समजा. बैल कुठे आहे हे त्याला कसं कळणार? घुंगरमाळेच्या आवाजावरून. चुंबक तारेजवळून गेलं की तारेत वीज निर्माण होते, फॅरडेचा नियम, सर, तुम्ही नववीत शिकवलेला. तीन वायरींपैकी कोणत्याही क्षणी दोनच वापरात असतात. तिसरी मोकळी असते. त्या मोकळ्या वायरीवर उमटणारं व्होल्टेज हीच घुंगरमाळ. ते वाचून चिप ठरवते, की आता पुढची पेंढी. पण एक अडचण आहे. बैल उभा असताना घुंगरू वाजत नाहीत. म्हणून सुरुवातीची काही पावलं आंधळेपणाने, ठरावीक गतीने टाकावी लागतात, आणि बैल चालायला लागला की मग आवाजावर चालायचं. तुमचा पंखा सुरू होताना आधी थोडा मागे-पुढे डुलतो आणि मग चाल धरतो, ते याचमुळे.

मी दोन आठवड्यांची रजा काढली आणि मित्राच्या दुकानात येऊन बसले. शाळेच्या परवानगीने चौदाही पंखे उतरवले. पहिलं काम, मोटर खरंच चांगली आहे का हे पाहणं. हे घरीही करता येतं, पण मेन स्विच बंद करून, पंखा उतरवून आणि मोटरच्या तिन्ही वायरी कार्डापासून सोडवूनच.

तिन्ही वायरी एकमेकींना न लागता मोकळ्या ठेवा आणि पंखा हाताने फिरवा. हलका फिरला पाहिजे. आता तिन्हींची टोकं एकत्र जोडा आणि फिरवा. चांगली मोटर असेल तर गुळाच्या पाकात फिरवल्यासारखी जड लागते. कारण ती स्वतःच वीज तयार करते आणि तीच वीज तिला रोखते. वायरी मोकळ्या असतानाही जड लागली, तर बेअरिंग तरी गेलंय किंवा आत वाइंडिंग एकमेकांना चिकटलंय. नंतर मल्टिमीटर घ्या. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली अशा तिन्ही जोड्यांचा रोध मोजा. आकडा किती याला महत्त्व नाही, तिन्ही आकडे सारखे असले पाहिजेत. कोणतीही वायर मोटरच्या लोखंडी अंगाला लागत नाही ना तेही बघा. झाली परीक्षा.

चौदापैकी तेरा मोटरी पास झाल्या. एकीचं वाइंडिंग गेलं होतं. विचार करा, तेरा उत्तम तांब्याच्या, उत्तम चुंबकांच्या मोटरी आपण भंगारात देणार होतो.

मग कार्डं पाहिली. मित्राने पहिलंच कार्ड हातात घेतलं आणि म्हणाला, "हे बघ, याचं डोकं फुगलं." आलेल्या एसी विजेची डीसी झाल्यावर ती साठवणारा जो मोठा कंडेन्सर असतो, त्याचं टोपण फुगलेलं होतं. या कंडेन्सरच्या आत द्रव असतो आणि तो उष्णतेने आटतो. ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. कार्ड बसवलेलं असतं मोटरच्या डोक्यावरच्या वाटीत, स्लॅबला लागून, जिथे हवा जात नाही. बाहेर पंचेचाळीस अंश असताना त्या वाटीत काय असेल? आपले वरच्या मजल्यावरचे पंखे जास्त गेले, यात नवल नाही. बाकी काही कार्डांत पहिल्या पावसातल्या विजेच्या झटक्याने सुरक्षेचा रोधक फुटला होता. तो इमानदार पहारेकरी आहे, स्वतः मरून बाकीचं वाचवतो. अशी सहा कार्डं लहानसहान भाग बदलून जिवंत झाली. कंडेन्सर घालताना आम्ही १०५ अंशांचा, जास्त तास टिकणारा घेतला.

उरलेल्या सात कार्डांत चिप किंवा स्विच गेले होते. इथे माझ्या व्यवसायाची गोष्ट येते. चिप बाजारात मिळते, स्वस्तात मिळते. पण ती कोरी असते. तिच्यातला प्रोग्राम कंपनीकडे, आणि जुन्या चिपमधून तो वाचता येऊ नये म्हणून तिला कुलूप लावलेलं असतं. मालाचं रक्षण म्हणून ते समजू शकतं. पण कंपनीने ते कार्ड बनवणं बंद केलं की त्या कुलपाची किल्ली कुणाकडेच राहत नाही. वाइंडिंग किती वेढ्यांचं आहे हे माझा मित्र जळालेली मोटर उलगडून मोजू शकतो. प्रोग्राम असा उलगडून मोजता येत नाही.

मग मूळ कार्डाशिवाय मोटर कशी चालवायची? दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता सोपा. बाजारात आता कोणत्याही पंख्याला चालणारं म्हणून तयार कार्ड मिळतं, रिमोटसकट, काही शे रुपयांत. पण "कोणत्याही" या शब्दावर विश्वास ठेवू नका. आधी मोटर कोणत्या व्होल्टेजची आहे ते बघा. काही पंख्यांत कार्ड २३० व्होल्टचे चोवीस व्होल्ट करून मोटरला देतं. अशा कार्डावर छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि मोटरच्या बाजूचा कंडेन्सर पस्तीस-पन्नास व्होल्टचा असतो. काहींमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट थेट मोटरला जातात आणि तिथे चारशे-साडेचारशे व्होल्टचा कंडेन्सर दिसतो. एकाचं कार्ड दुसऱ्याला लावलं तर काहीतरी जळणारच. बसवल्यावर पंखा उलटा फिरला तर घाबरायचं नाही, तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करायची. मग पूर्ण वेगात दोन तास चालवायचा आणि वॅटमीटरने मोजायचा. डब्यावर अठ्ठावीस वॅट लिहिलेला पंखा पंचेचाळीस खात असेल तर पेंढी चुकीच्या जागी धरली जातेय, ते कार्ड त्या मोटरचं नाही. असे पाच पंखे आम्ही लावले.

उरलेल्या दोघांचा सूर कुठल्याच तयार कार्डाशी जमेना. मित्राने माझ्याकडे पाहिलं, "तू इंजिनियर ना?"

ड्रोनच्या मोटरीही याच जातीच्या. आता आपल्या भागात कपाशीवर ड्रोनने फवारणी होते, त्यामुळे पहिल्यांदा त्यांचं कार्ड लावून पाहावं असं कुणालाही वाटेल. पण ते हलक्या, मिनिटाला हजारो फेरे मारणाऱ्या मोटरीसाठी असतं. छताचा पंखा जड, आणि पूर्ण वेगात मिनिटाला साडेतीनशे फेरे. ड्रोनचं कार्ड घाई करतं, आणि जड पात्याला घाई चालत नाही. म्हणून आम्ही सहा स्विचचं एक साधं कार्ड आणि एक छोटी प्रोग्राम करता येणारी चिप घेतली. वीज चोवीस व्होल्टची.

आधी मोटरची नाडी मोजली. दोन वायरींत अगदी थोडी डीसी सोडून पंखा हाताने हळूच फिरवला, की तो ठरावीक जागी अडकत-अडकत जातो. एका फेऱ्यात आठ जागा लागल्या. म्हणजे एका फेऱ्यासाठी विजेची आठ आवर्तनं. साडेतीनशे फेऱ्यांना सेकंदाला सुमारे सत्तेचाळीस आवर्तनं झाली, आणि प्रत्येक आवर्तनात सहा पावलं. ती सहा पावलं म्हणजेच प्रोग्रामचा गाभा: लालकडून पिवळ्याकडे, लालकडून निळ्याकडे, पिवळ्याकडून निळ्याकडे, पिवळ्याकडून लालकडे, निळ्याकडून लालकडे, निळ्याकडून पिवळ्याकडे. पुन्हा पहिल्यापासून. टिपऱ्यांच्या खेळासारखं आहे, एकाने घर चुकवलं की सगळ्यांच्या टिपऱ्या चुकतात.

बाकी सगळा प्रोग्राम सांभाळण्याचा आहे. पंखा उभा असताना घुंगरू शांत असतात, म्हणजे मोटर उलटा दाबही देत नाही. तेव्हा पूर्ण वीज सोडली तर तारेच्या रोधाशिवाय तिला अडवणारं काही नसतं. म्हणून सुरुवात थोड्या विजेने, सेकंदाला एक-दोन आवर्तनांनी करायची आणि दहा-पंधरा सेकंदांत सावकाश चढवायची. घुंगरू ऐकू यायला लागले की आंधळं चालणं सोडून आवाजावर जायचं. आवाज हरवला तर ताबडतोब सगळे स्विच बंद, पंखा थांबू द्यायचा, पुन्हा पहिल्यापासून. एका वायरीचे वरचा आणि खालचा असे दोन स्विच एकाच वेळी चालू होता कामा नयेत, नाहीतर वीज मोटरकडे न जाता सरळ त्या दोघांतून खाली जाते. म्हणून एक बंद करून दुसरा चालू करण्याआधी क्षणभर थांबायचं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानात तो पंखा फिरला. मित्राने वॅटमीटर पाहिला, एकतीस वॅट. त्याने पानं धरून थांबवायचा प्रयत्न केला नाही, काही बोलला नाही. शेजारच्या चहावाल्याला दोन चहा सांगितले आणि पुढचा पंखा टेबलावर घेतला.

चोवीस व्होल्टचा एक फायदा नंतर लक्षात आला. त्याच्या दुकानात फवारणी पंपाच्या बॅटऱ्या दुरुस्तीला येतात, बारा व्होल्टच्या, आठ अँपिअर-तासाच्या. दोन एकापुढे एक जोडल्या की चोवीस व्होल्ट झाले. लाइट गेल्यावर त्यावर पंखा चार-पाच तास सहज चालतो, इन्व्हर्टर लागत नाही. एका शेतकऱ्याने ते पाहिलं आणि म्हणाला, "म्हंजे फवारणी झाल्यावर बॅटऱ्या निजायले कामी येतील." आता गावात त्याने तसे दोन पंखे केलेत.

आता गंभीर गोष्ट, आणि ही विशेषतः इथे बसलेल्या मुलांसाठी. कार्ड उघडलं आणि वीज बंद केली तरी तो मोठा कंडेन्सर भरलेला असू शकतो, सव्वातीनशे व्होल्टपर्यंत. पुष्कळ कार्डांत ट्रान्सफॉर्मरची आड नसते, त्यामुळे चालू कार्डाचा प्रत्येक बिंदू थेट लाइनला जोडलेला असतो. तिथे हात लावला तर ती चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही. आमच्याकडे २३० व्होल्टचं प्रत्येक काम माझ्या मित्राने केलं, कारण परवाना त्याच्याकडे आहे आणि अनुभवही. आधी कंडेन्सर रिकामा करायचा, मग मीटरने मोजायचा, मगच हात लावायचा. मी फक्त चोवीस व्होल्टच्या बाजूला बसले. मुलांनी जे शिकायचं ते चोवीस व्होल्टच्या बाजूलाच शिकायचं.

चौदावा पंखा, ज्याचं वाइंडिंग गेलं होतं, तो उघडून आता विज्ञानाच्या प्रयोगशाळेत ठेवलाय. चुंबकं, वेटोळी, कार्ड, सगळं वेगवेगळं. मागच्या महिन्यात नववीच्या मुलींनी एका चालू मोटरीच्या तीन वायरी जोडून-सोडून तो गुळाच्या पाकाचा प्रयोग केला. मला ते पाहताना आपला कार्यानुभवाचा तास आठवला. मुलांना बोर्ड, होल्डर आणि वायरी मिळायच्या, आम्हाला सुई-दोरा आणि टाके. तेव्हा सगळीकडेच तसं होतं, त्यात कुणा एकाचा दोष नाही. मी मोटरला पहिल्यांदा हात लावला तो इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. या मुलींनी चौदाव्या वर्षी लावला. त्यातली एक मला म्हणाली, "मॅडम, तिन्ही वायरी जोडल्यावर जड का होतो ते मी सांगू का?" आणि तिने बरोबर सांगितलं. सर, तुम्ही असायला हवे होतात.

आता थोडं बाहेरच्या जगाचं. वस्तू दुरुस्त करता आली पाहिजे, हा ग्राहकाचा हक्क आहे, ही मागणी जगभर होते आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं यांच्यापासून सुरुवात करायची ठरलं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये एक पोर्टलही सुरू झालं. हे चांगलंच आहे. पण कळंबमध्ये तो हक्क कुणाच्या हातून बजावला जाणार? मित्रासारख्या माणसाच्या. त्याच्या टेबलावर नकाशा नसेल, सुटा भाग नसेल आणि शिकायला कुणी नसेल, तर पोर्टलचा उपयोग काय? गावातलं शेवटचं वाइंडिंगचं दुकान बंद झालं की पंखा दुरुस्त करायचा प्रश्नच मिटतो. मग फक्त विकत घ्यायचा उरतो.

म्हणून शेवटी कामाचं बोलते. चौदा नव्या पंख्यांसाठी आपण जे पैसे जमवले, त्यातला फार थोडा भाग या तेरा पंख्यांवर खर्च झाला. उरलेल्या पैशांचं काय करायचं यावर ग्रुपवर बरीच चर्चा झाली, तुम्ही वाचली आहे. माझी सूचना तीन गोष्टींची आहे.

एक, प्रयोगशाळेत एक दुरुस्तीचं टेबल. त्यावर चोवीस व्होल्टचा, प्रवाह मर्यादित करता येणारा पुरवठा, दोन मल्टिमीटर, सोल्डरिंगचं सामान आणि एक वॅटमीटर. दर शनिवारी दुपारी मित्र दोन तास तिथे येऊन शिकवायला तयार आहे. त्याला त्याचं मानधन मिळालं पाहिजे. मित्र आहे म्हणून फुकट, हे चालणार नाही.

दोन, प्रत्येक पंख्याच्या वाटीत आतून एक चिठ्ठी. मोटर किती व्होल्टची, तीन वायरींचा रोध किती, कोणतं कार्ड, केव्हा बदललं. दहा वर्षांनी जो कुणी ती वाटी उघडेल त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये. दोन पंख्यांचा प्रोग्राम मी छापून, ओळी-ओळीला मराठीत टिपण लिहून, शाळेच्या फाइलला लावलाय. त्याला कुलूप नाही. कुणीही वाचावा, बदलावा.

तीन, तुमच्या घरात, सोसायटीत, ऑफिसात असे पंखे बंद पडून भंगारात जात असतील तर ते किंवा त्यांची मेलेली कार्डं आमच्याकडे पाठवा. मेलेल्या कार्डावरही चांगले भाग असतात, आणि शिकणाऱ्या हाताला बिघडवायला काहीतरी लागतं.

वरती आत्ता जे आठ पंखे फिरतायत, त्यातला खिडकीकडचा दुसरा आणि व्यासपीठाजवळचा हे ते दोन आहेत. त्यांना रिमोट नाही, भिंतीवर साधं बटण आहे. ते सुरू होताना दहा-पंधरा सेकंद घेतात, तेवढा धीर धरा.

संयोजक मघापासून घड्याळ दाखवतायत. टेबलासाठी नावं आणि पैसे नोंदवायची वही दाराशी ठेवली आहे. जेवायला जाताना तिथून जा.